स्टार्टर पडतो तो आपल्याच भल्यासाठी



लागण, बेणे, खतांचे हप्ते आणि पाण्याच्या पाळ्या यांवर या पानातून आम्ही नेहमीच लिहितो. या खेपेचा विषय जरा बाजूचा वाटेल, पण तो पाण्याला अगदी लागून आहे. विहिरीवरच्या खोलीत भिंतीला एक लोखंडी पेटी टांगलेली असते, एक हिरवे आणि एक लाल बटण असलेली. त्या स्टार्टरच्या पेटीविषयी आज सांगायचे आहे.

बेंदराला आपण बैलांची शिंगे रंगवतो. दसऱ्याला नांगरापासून मोटारीपर्यंत साऱ्यांना हळदकुंकू लावतो. स्टार्टरच्या वाट्याला मात्र शिव्याच येतात. "पडला बघा पुन्हा!" असे म्हणून कोणी हिरव्या बटणात काडी खोचतो, कोणी ते सुतळीने आवळून बांधतो, कोणी आतल्या दोन तारा पिळून एक करतो. गटवार फिरताना असे स्टार्टर आम्हाला जागोजाग दिसतात. वीजतंत्र हा काही आमच्या कृषी पदविकेचा विषय नव्हे. पण उसाचे पाणी ज्या पेटीवर अवलंबून आहे, तिची अक्कल समजून घेणे हे आमचेही काम आहे. ही अक्कल फार सुबक आहे. ती एकदा ध्यानात आली, की माणूस पुन्हा काडी खोचणार नाही अशी आमची खात्री आहे.

लहान पाट, मोठे दार

पेटीतला मुख्य भाग म्हणजे कॉन्टॅक्टर. हा एक मोठा रिलेच. तांब्याच्या तारेची गुंडाळी, म्हणजे कॉईल, लोखंडावर बसवलेली असते. कॉईलमधून थोडी वीज गेली की लोखंडाचा चुंबक होतो आणि तो समोरची पट्टी ओढून घेतो. पट्टीबरोबर पॉईंट जुळतात आणि त्या पॉईंटांतून मोटारीची मोठी वीज वाहू लागते. कॉईलची वीज थांबली की स्प्रिंग पट्टीला मागे ढकलते आणि पॉईंट सुटतात. म्हणजे बारक्या पाटाच्या पाण्याने मोठ्या कालव्याचे दार उचलावे, तसा हा प्रकार.

ही युक्ती जुनी आहे. १८३५ च्या सुमारास अमेरिकेत जोसेफ हेन्री यांनी ती करून दाखवली. पुढे तारायंत्र आले. लांबच्या तारेत वीज वाटेतच दमते. मग मधल्या ठाण्यावर त्या दमलेल्या विजेने फक्त एक हलकी पट्टी हलवायची आणि पट्टीने ताज्या बॅटरीची वीज पुढच्या तारेत सोडायची. डाकेचे दमलेले घोडे बदलून ताजे जुंपायचे, त्यालाच इंग्रजीत रिले म्हणत. तेच नाव या यंत्राला पडले. आपल्या देशातली तार २०१३ च्या जुलैत बंद झाली. तिच्या पोटातला रिले मात्र आजही आपल्या विहिरीवर राबतो आहे.

बटण सोडले तरी मोटार चालते कशी?

हा प्रश्न आम्ही बैठकांतून अनेकांना विचारला. हिरवे बटण आपण दाबतो आणि लगेच सोडतो. बोट काढले की बटणातला जोड तुटतो. मग मोटार बंद का पडत नाही?

कॉन्टॅक्टरला मोठ्या पॉईंटांच्या बाजूला एक छोटा पॉईंट असतो. हिरव्या बटणाला वळसा घालून जाणारी एक वाट या पॉईंटातून काढलेली असते. पट्टी ओढली गेली की हा पॉईंट जुळतो आणि कॉईलला वीज या दुसऱ्या वाटेने मिळू लागते. म्हणजे कॉन्टॅक्टर स्वतःला स्वतःच धरून ठेवतो. दार एकदा हाताने उचलले, की वाहते पाणीच ते तोलून धरते आहे असे समजा.

आता यातली खरी गंमत पाहा. पाणी एक क्षण जरी तुटले तरी दार खाली येते. पाणी पुन्हा आले म्हणून दार आपोआप उघडत नाही. माणसाने येऊन पुन्हा उचलावे लागते. "मला चालू व्हायला सांगितले होते" एवढी एकच गोष्ट स्टार्टर लक्षात ठेवतो आणि वीज गेली की तीही विसरतो. हे विसरणे मुद्दाम ठेवलेले आहे. वीज नसताना तुम्ही पंपाच्या ग्लँडमध्ये दोरी भरत बसला असाल, हात शाफ्टवर असेल आणि तेवढ्यात लाईन आली, तर मोटार जागची हलत नाही. का? तर स्टार्टर विसरला आहे म्हणून.

हाच धरून ठेवणारा भाग सभासदांचे एक भांडणही मिटवतो. "शेजाऱ्याची मोटार चालू आहे, माझाच स्टार्टर का उचलत नाही?" पट्टी सुटलेली असताना तिच्या आणि चुंबकाच्या मध्ये हवेची फट असते. ती ओलांडून ओढायला जास्त जोर लागतो. एकदा चिकटली की थोड्या जोरावरही ती धरून राहते. ठरलेल्या प्रमाणानुसार ४१५ व्होल्टच्या कॉईलने ८५ टक्के दाबावर, म्हणजे सुमारे ३५३ व्होल्टवर, उचलले पाहिजे. सोडण्याचे काम मात्र ७५ टक्क्यांच्या खाली कुठेतरी होते. तेव्हा दाब ३३० व्होल्ट असेल तर आधी चालू झालेली शेजाऱ्याची मोटार चालत राहील आणि तुमची उचलणार नाही. यात ना शेजाऱ्याचा दोष, ना तुमच्या स्टार्टरचा. एवढ्या कमी दाबात मोटार जादा वीज ओढते आणि तापते, म्हणून तो नकार मानलेलाच बरा.

पाटाची तीन कोडी

रिलेचे सगळे शास्त्र तीन गोष्टींत बसते आणि दारे धरणाऱ्याला त्या शिकवाव्या लागत नाहीत.

एकाच पाटावर एकापुढे एक दोन दारे असली, तर दोन्ही उघडी असतील तेव्हाच पाणी पुढे जाते. हे झाले "हेही आणि तेही". एकाच वाफ्याला दोन बाजूंनी दोन पाट येत असले, तर कोणताही एक उघडा असला तरी वाफा भिजतो. हे झाले "हे किंवा ते". तिसरा प्रकार उलट्या पॉईंटाचा. एरवी तो जुळलेला असतो आणि पट्टी ओढली की सुटतो. हे झाले "ते नसेल तरच".

आपल्या स्टार्टरमध्ये ही तिन्ही कोडी आहेत. लाल बटण आणि ओव्हरलोडचा पॉईंट एकापुढे एक आहेत, म्हणून दोघांपैकी कोणीही सुटला की मोटार बंद. हिरवे बटण आणि धरून ठेवणारा पॉईंट दोन समांतर पाटांवर आहेत, म्हणून कोणताही एक पुरतो. मोठ्या मोटारीच्या स्टार-डेल्टा स्टार्टरमध्ये तिसरे कोडे दिसते. तिथे स्टार आणि डेल्टा हे दोन कॉन्टॅक्टर एकाच वेळी ओढले गेले तर फेजला फेज भिडून भडका होईल. म्हणून स्टारचा उलटा पॉईंट डेल्टाच्या वाटेत आणि डेल्टाचा उलटा पॉईंट स्टारच्या वाटेत घातलेला असतो. एक उठला की दुसऱ्याची वाट तोच तोडतो. दोन तारांच्या तुकड्यांत केवढा पक्का अडसर!

या तीन कोड्यांवर जगातली केवढी मोठी गोष्ट उभी राहिली ते ऐकण्यासारखे आहे. १९३७ साली अमेरिकेत जॉर्ज स्टिबिट्झ यांनी घरच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर टाकाऊ रिले, पत्र्याच्या पट्ट्या आणि विजेरीचे दिवे जुळवून बेरीज करणारे खेळणे केले. त्याच वर्षी क्लॉड शॅनन या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधात दाखवून दिले, की रिलेंची कोणतीही जोडणी बीजगणितासारखी कागदावर मांडता येते आणि सोपी करता येते. "आणि", "किंवा", "नाही" यांचे ते गणित जॉर्ज बूल यांनी १८५४ मध्येच लिहून ठेवले होते. तिकडे बर्लिनमध्ये कोनराड त्सूझ यांनी दोन हजारांवर रिले जोडून १९४१ च्या मे महिन्यात सांगितल्या क्रमाने हिशेब करणारे यंत्र चालवून दाखवले. त्याला एका गुणाकाराला तीन सेकंद लागत. महायुद्धातल्या बाँबवर्षावात ते यंत्र नष्ट झाले. पण आज आपल्या खिशातला मोबाईल जे करतो ते याच तीन कोड्यांवर. पॉईंट आणि स्प्रिंगा तेवढ्या गेल्या.

थांबायला कष्ट नकोत

रिलेच्या कामातली सर्वांत शहाणपणाची गोष्ट पाहायची तर रेल्वेकडे पाहावे. १८७२ साली विल्यम रॉबिन्सन यांनी अमेरिकेत रुळांतून चालणाऱ्या विजेची एक योजना केली. रुळाच्या एका टोकाला बॅटरी आणि दुसऱ्या टोकाला रिले. रूळ रिकामा असेल तर बॅटरीची वीज एका रुळातून जाते, रिलेला उचलून धरते आणि दुसऱ्या रुळातून परत येते. रिले उचललेला असेल तरच सिग्नल मोकळा. गाडी आली की तिची चाके आणि आस दोन्ही रूळ एकमेकांना जोडतात, वीज मधल्यामधेच परत फिरते, रिले पडतो आणि सिग्नल तांबडा होतो.

आता असे समजा की बॅटरी संपली. रिले पडतो, सिग्नल तांबडा. तार तुटली, तरी तांबडा. रूळ पार तुटला, तरी बहुतेक वेळा तांबडाच. काहीही बिघडले तरी गाडी थांबते. कारण "जा" म्हणायला सतत बळ लागते आणि "थांब" म्हणायला काहीच लागत नाही. रूळ रिकामा असताना रिले निजलेला आणि गाडी आली की उठणारा, अशी उलटी रचना केली असती तर? तार तुटल्यावर सिग्नल खुशाल मोकळा राहिला असता.

आपल्या स्टार्टरचीही रचना हीच आहे. चालू राहायला सगळे ठीक असावे लागते. बंद पडायला एकच गोष्ट बिघडली तरी पुरे. आपण ज्याला "पडला" म्हणून नावे ठेवतो, ते पडणेच त्याचे काम आहे.

स्टार्टरचा आंधळा डोळा

मात्र साध्या स्टार्टरला एक गोष्ट दिसत नाही. त्याची कॉईल तीनपैकी दोनच फेजवर जोडलेली असते. त्या दोनपैकी एक गेला तर स्टार्टर पडतो. तिसरा गेला तर कॉईलला त्याची खबरच लागत नाही. ती धरून राहते आणि मोटार दोन फेजवर ओढत राहते. पाच एचपीची मोटार पूर्ण भारावर सुमारे साडेसात अँपिअर घेत असेल, तर अशा वेळी उरलेल्या दोन तारांतून साधारण पावणेदोनपट, म्हणजे तेरा अँपिअरच्या आसपास, वीज जाते.

इथे दुसरा राखणदार, ओव्हरलोड रिले, कामास येतो. त्यात दोन धातूंची एकत्र जोडलेली पट्टी असते. ती तापली की वाकते आणि वाकता वाकता आपला पॉईंट सोडवते. हिची खुबी अशी की ती दम धरते. मोटार सुरू होताना काही सेकंद सहापट वीज घेते, तेवढ्याने पट्टी वाकत नाही. पण जादा वीज चालूच राहिली की ती सोडत नाही. मात्र त्यासाठी तिची चकती मोटारीच्या अँपिअरवर लावलेली हवी. "सारखा पडतो" म्हणून ती चकती शेवटच्या आकड्यापर्यंत फिरवून ठेवली, की राखणदाराला अफू पाजल्यासारखेच झाले.

तिसरा राखणदार म्हणजे सिंगल फेज प्रिव्हेंटर. तो तिन्ही फेजवर नजर ठेवतो आणि एक गेला की कॉईलच्या वाटेतला आपला पॉईंट सोडतो. पाटावर आणखी एक दार, एवढेच. आमच्या पाहण्यातल्या एका सभासदाने रात्री दोन फेजवर कंडेन्सर लावून मोटार चालवायची म्हणून प्रिव्हेंटरच्या दोन तारा पिळून टाकल्या. ऐन वैशाखात भरल्या उसात मोटार जळाली. वाइंडिंग होऊन मोटार परत येईपर्यंत पाण्याच्या दोन पाळ्या चुकल्या. वाइंडिंगचा खर्च माणूस विसरतो. पण कांडी आखूड राहिली की वजन काट्यावर दिसते. ते नुकसान कोणत्याही पावतीवर छापलेले नसते.

ऑटोचे काय?

आता अवघड विषयाकडे येतो. लाईन आली की मोटार आपोआप चालू व्हावी म्हणून ऑटो स्विच लावतात. का लावतात ते आम्ही जाणतो. रात्रीच्या पाळीची वीज मध्यरात्री येणार, वाटेत साप-विंचू, उसात बिबट्या. एका बटणासाठी माणसाने जीव धोक्यात घालावा असे आम्ही कधीच म्हणणार नाही.

पण ऑटो नेमके काय करतो ते समजून घ्या. जे विसरणे मुद्दाम ठेवले होते, ते तो पुसून टाकतो. ग्लँडवर हात असलेल्या माणसाचे रक्षण तिथेच संपते. शिवाय एका डीपीवरच्या वीस मोटारींना ऑटो असला तर लाईन येताच वीसच्या वीस एकदम उठतात आणि प्रत्येक जण सहापट वीज मागतो. मग दाब कोसळतो, फ्यूज उडतो, कधी डीपीच जळतो आणि सगळ्यांचेच पाणी बंद. महावितरणने ऑटो स्विच काढण्याचे आवाहन वेळोवेळी केले आहे ते याचसाठी.

ज्यांना ऑटोवाचून गत्यंतर नाही, त्यांच्यासाठी उपायही रिलेपाशीच आहे. ऑटोबरोबर उशीर करणारा टाइमर हवा. एका डीपीवरच्या मंडळींनी एकत्र बसून आपापला उशीर वेगवेगळा ठरवावा. पहिल्याने एक मिनिट, दुसऱ्याने दोन, अशी पाळी लावावी. पाण्याची पाळी लावणाऱ्यांना ही पाळी अवघड नाही. पंप कोरडा चालला तर बंद करणारा रिले आणि प्रिव्हेंटर, दोन्ही कॉईलच्या वाटेत असलेच पाहिजेत. आणि पंपाला हात लावण्याआधी मेन स्विच खाली ओढून त्याला कुलूप लावावे व किल्ली आपल्या खिशात ठेवावी.

पाकोळी आणि पाल

एक हकिकत सांगण्याजोगी आहे. ९ सप्टेंबर १९४७ रोजी अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाच्या रिलेंच्या गणकयंत्रात बिघाड झाला. शोधता शोधता एका रिलेच्या पॉईंटात अडकलेली पाकोळी सापडली. तिथल्या मंडळींनी ती चिकटपट्टीने नोंदवहीत लावून ठेवली. ती वही आजही तिकडच्या संग्रहालयात आहे. यंत्रातल्या दोषाला इंग्रजीत "किडा" म्हणायची रीत त्याआधीचीच होती. या वेळी खराखुरा किडा हाती लागला एवढेच.

आपल्याकडे पाकोळीच्या जागी पाल, मुंग्या आणि गांधीलमाशीचे मातीचे घर असते. पेटीचे झाकण उघडे, तारांची भोके मोकळी, की उबेला हे पाहुणे आलेच. दोन लोखंडांच्या तोंडामध्ये धूळ किंवा मुंगी चिरडली की पट्टी पुरती बसत नाही आणि स्टार्टर घरघरतो. कमी दाबानेही घरघर होते, चुंबकाच्या तोंडावरचे तांब्याचे कडे तुटले तरी होते. कारण कोणतेही असो, घरघर म्हणजे तक्रार. ती ऐकून सोडून देऊ नये, कॉईल जळण्याआधी वायरमनला बोलवावे.

कारखान्यातही तोच नियम

गाडीतळावर ताटकळलेल्या सभासदांना प्रश्न पडतो, की आत कुठेतरी एक यंत्र अडले तर सारी गव्हाण का थांबते? तिथेही हेच कोडे आहे. पुढची गिरण थांबली आणि मागचा वाहक चालू राहिला तर चोथ्याचा ढीग होऊन सगळेच तुंबेल. म्हणून प्रत्येक मागच्या यंत्राच्या वाटेत पुढच्या यंत्राचा पॉईंट घातलेला असतो. पुढचे चालू असेल तरच मागचे चालेल. सुरू करताना शेवटाकडून आरंभाकडे यायचे आणि थांबताना अडलेल्या जागेच्या मागचे सगळे थांबायचे. पूर्वी यासाठी भिंतभर रिलेंची कपाटे असत. अमेरिकेत १९६९ च्या सुमारास मोटारींच्या कारखान्यांसाठी ही कपाटे हटवणारे इलेक्ट्रॉनिक यंत्र आले, त्याला पीएलसी म्हणतात. साखर कारखान्यांतही आता तेच रुळले आहे. पण पीएलसीला सूचना देताना तंत्रज्ञ पडद्यावर जी शिडीसारखी आकृती काढतात, ती जुन्या रिलेंचीच असते. पॉईंट, उलटा पॉईंट आणि कॉईल. कपाट गेले, अक्कल राहिली.

एवढे अवश्य करा

१. हिरव्या बटणात काडी नको, सुतळी नको. बटण अडकले तर लाल बटणानंतर मोटार पुन्हा आपोआप उठते.

२. ओव्हरलोडची चकती मोटारीच्या पाटीवरच्या अँपिअरशी जुळवून घ्या. स्टार-डेल्टामध्ये रिले वाइंडिंगच्या तारांत बसवलेला असेल तर आकडा ०.५८ पटीने घ्यावा लागतो. हे वायरमनकडूनच करून घ्यावे.

३. प्रिव्हेंटर वगळू नका. तो सारखा पडत असेल तर लाईनमध्ये दोष आहे असे समजून डीपीवर चौकशी करा.

४. पेटीचे झाकण लावा, भोके बुजवा, अर्थिंग तपासून घ्या.

५. स्टार्टर पडला की लगेच बटण दाबू नका. तिन्ही फेज आहेत का ते पाहा आणि पट्टी निवायला पाच-दहा मिनिटे द्या.

स्टार्टर पडला म्हणजे कुठेतरी काहीतरी बिघडले आहे आणि मोटार जळण्याआधी, हात जाण्याआधी, तो ते सांगतो आहे. पुढच्या वेळी तो पडला की शिवी देण्याआधी एवढेच विचारावे, की बाबा, तुला काय दिसले?